पुन्हा उघडायचं झाकण

१

पंपाचं झाकण निघालं आणि आतल्या रबरी चाकाला एकही पाकळी धड उरलेली नाही, हे सगळ्यांना एकदमच दिसलं. नस्मा बोटीच्या इंजिनघरात सगळे पंपावर वाकले.

"तिसऱ्यांदा, उस्ता," रईस अवद म्हणाला. इकडे बोटीच्या तांडेलाला रईस म्हणतात; हुकूम त्याचा, माणसं त्याची, त्यामुळे रागही त्याचाच मोठा. "मी बर्फ भरतो, माणसं घेतो, सगळ्या गल्लीचा निरोप घेतो, आणि नदीच्या मुखाबाहेर पडतो न पडतो तोच इंजिन तापून बोंबलायला लागतं. लाल समुद्र सोड, मला अजून पोर्ट सईदचे दिवे दिसले नाहीत. धक्क्यावरची पोरं विचारतात, रईस, फिरून आलात का?"

उस्ता फिक्री मेकॅनिक चाक हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवायचं, एवढंच त्या चाकाचं काम. पण पाकळ्या गेल्या की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की बोटीला परतावंच लागतं.

"दर वेळी नवंकोरं बसवलंय मी," फिक्री म्हणाला. "तुमच्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढलंय, रईस."

"आणि माझी पाठ वळल्यावर?"

शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या बुसैनाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. विमा कंपनीने त्यांना पोर्ट सईदहून पाठवलं होतं. एका बोटीचं एकच दुखणं तिसऱ्यांदा वर आलं की कंपनीला झोप लागत नाही. एझबेत अल-बुर्ग या कोळ्यांच्या गावाच्या धक्क्यावर सगळे त्यांना इंजिनेरबाई म्हणत आणि त्या दिसल्या की आवाज खाली आणत. तपासाच्या कामाचं एक बरं होतं. लोकांना तुमच्याशी बोलावंच लागतं. नवरा गेल्यापासून आणि मुलगा परदेशी स्थायिक झाल्यापासून बुसैनाबाईंशी बोलायलाच हवं असं कुणावर बंधन उरलं नव्हतं.

"उस्ता, पाकळ्या तुटल्या तर तुकडे कुठे जातात?" त्यांनी विचारलं.

"पाण्याबरोबर पुढे. कूलरच्या नळ्यांत जाऊन अडकतात."

"मग कूलर उघडा."

कूलर उघडला. नळ्या लख्ख होत्या. रबराचा कण नव्हता.

"म्हणजे हे चाक इथे तुटलंच नाही," बाई म्हणाल्या. "कुणीतरी नवं चाक काढून नेलं आणि आधीच मेलेलं आत बसवलं."

हे ऐकून फिक्रीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याचा चेहरा आणखीच उतरला. रईस अवद हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "नवं काढायचं, विकायचं, जुनं ठोकायचं. चांगला धंदा आहे. उद्या शुक्रवार. नमाजानंतर कॉफीखान्यात सगळे रईस बसणार आहेत. तिथे बोलू."

त्या बैठकीत काय होतं हे फिक्रीला माहीत होतं. एकदा तिथे नाव गेलं की या धक्क्यावरची कुठलीही बोट त्याला शिडी टाकणार नव्हती. आणि एझबेतल्या मेकॅनिकला बोटीवाचून दुसरं काही येत नाही.

बुसैनाबाई मात्र झाकणाच्या बैठकीवर टॉर्च मारत होत्या. बोल्टांची भोकं ओळीने पाहत त्या एकापाशी थांबल्या; त्यात आतून आटे असलेली एक आखूड नळी ठोकलेली होती. "हा बुश कधी बसवलात?"

फिक्री वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला. "मी नाही बसवला," तो म्हणाला.

२

"नीट सांगा," बाई म्हणाल्या. रईस वर गेला होता. खाली आता दोघंच होती आणि डिझेलचा वास.

"मागच्या खेपेला झाकण लावताना या भोकाचे आटे गेलेले आढळले. बोल्ट नुसताच गरगर फिरत होता. मी चिकट लेप भरून तेवढ्यापुरतं भागवलं. म्हटलं, निवांत वेळ मिळाला की तार बसवू." त्याने आपली पेटी उघडली. तिच्यात पोलादी तारेची बारीक वेटोळी आकारानुसार लावून ठेवली होती. "भोक थोडं मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, वेटोळं आत फिरवायचं, शेपटी मोडायची, की झालं. बोल्ट पहिल्याच मापाचा लागतो. ही पेटी आल्यापासून मी दुसरं काही वापरत नाही. आणि बाई, एक सांगू? मी बुश बसवला असता तर गप्प बसलो असतो का? अर्ध्या धक्क्याला बोलावून दाखवला असता."

हे मात्र बाईंना पटलं. काम करून गप्प राहणारा मेकॅनिक त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

पण यातून गुंता वाढतच होता. आटे गेलेत हे ठाऊक कुणाला? फिक्रीला, आणि लपून झाकण उघडणाऱ्याला. म्हणजे चाक पळवणाऱ्यानेच भोक दुरुस्त केलं होतं. बोट रोखायला येणारा चोर जाता जाता बोटीची मलमपट्टी करून गेला, असं कुणाला सांगितलं असतं तर त्याने बाईंनाच डॉक्टर गाठायला लावलं असतं.

वर डेकवर खमीस जाळ्यांच्या ढिगावर आडवा झाला होता. हा अवदचा चुलतभाऊ आणि बोटीचा अर्धा मालक.

"हो, मला माझा हिस्सा मोकळा करायचाय. लपवतोय कशाला?" तो म्हणाला. "बोट वर्षभर अशी लंगडत राहिली तर अवद कंटाळेल आणि विकायला तयार होईल, असंच ना तुमच्या मनात? पण इंजिनेरबाई, मी पाना धरतो तो फक्त बाटलीचं बूच उघडायला. विचारा कुणालाही."

"बोट विकायचीच असती तर तुम्ही आटे दुरुस्त केले असते?"

"मी? मी तर दुसऱ्याही भोकाचे घालवले असते." तो मोठ्याने हसला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो उठून बसला.

स्वयंपाकी झगलूल कांदे चिरत होता. मागे एकदा लाल समुद्रात परक्या पाण्यात शिरले म्हणून त्यांची बोट पकडली गेली होती आणि झगलूलने तिकडच्या कोठडीत पूर्ण उन्हाळा काढला होता. त्या समुद्राचं नाव काढलेलंही त्याला नको वाटे, हे तो स्वतःच सांगे.

"मी देवाकडे मागितलं, बाई, की बोट जाऊ नये. खोटं कशाला बोलू? पण मागणं वेगळं आणि करणं वेगळं." त्याच्या तव्याचा दांडा दोरीने बांधलेला होता आणि दोरीही सुटत आली होती. बुश घडवणाऱ्याचा तवा असा नसतो, अशी बाईंनी मनात नोंद केली.

"बोट धक्क्याला असली की खाली कोण कोण जातं?"

"फिक्री. रईस. कधी मी, कांदे आणायला. बास."

"आणखी कुणी नाही?"

"कुणी नाही." झगलूलने डोळे पुसले. "म्हणजे हज्ज शिनावी असतात, रईसचे वडील. पोरासाठी रोज भाकरी आणि चीज घेऊन येतात आणि इंजिनापाशी बसतात. म्हणतात, हाडांना ऊब मिळते. पण त्यांना काय मोजायचं? ते म्हणजे घरचेच."

३

हज्ज शिनावींचं घर बोटी बांधणाऱ्या गल्लीच्या टोकाला होतं. दार उघडंच होतं. म्हातारा ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत होता. तो किती वेळ तसा बसला असेल, हे गल्लीतून उडून त्याच्या मांडीवर साचलेल्या लाकडाच्या भुशावरून कळत होतं.

"या, आत या! अवदने पाठवलं का? नाही? तरी या. बस पोरी, बस."

बुसैनाबाईंचे केस पांढरे झाले होते. पोरी म्हणणारं माणूस त्यांच्या आयुष्यातून कधीच संपलं होतं. त्या मुकाट्याने बसल्या.

म्हाताऱ्याने स्वतः चहा केला. किटली दोन्ही हातांनी धरली तरी पेल्यांच्या काठावर तिची टकटक चालूच होती. "हात गेले," तो हसत म्हणाला. "हे हात कधीकाळी लेथवर असायचे. या मुखातून बाहेर पडलेल्या किती बोटींच्या शाफ्टांवरून ते फिरलेत! लेथ विकला. खोली रिकामी झाली. आता मी तिथे नुसताच जाऊन उभा राहतो."

"एकटेच असता?"

"सून पोरांच्या शाळेसाठी दमिएत्ता शहरात राहते. नातवंडं मोठी झाली, त्यांना मिशा फुटायला लागल्यात. ईदला येतात, मोबाईलात बघतात आणि जातात. अवद धक्क्याला असला की रात्री इथे झोपतो. घोरतो फार. मला घोरणं आवडतं."

"आणि तो समुद्रात असला की?"

म्हातारा पेल्यातली साखर ढवळत राहिला. "याआधीच्या लांबच्या खेपेला त्याची आई गेली. तो पार तिकडे, लाल समुद्रात. फोन लागेना. शेजारी आले, मयत उचललं, सगळं रीतीने झालं. मग शेजारी आपापल्या घरी गेले. पोराला कळलं तोवर मी तिचे कपडे वाटूनसुद्धा टाकले होते."

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांनी नजर फिरवली. फळीवर जुने पाने, कानशी आणि आट्यांची हत्यारं तेल लावून ओळीने ठेवली होती. शेजारी एका डब्यात पितळेचे आणि ब्राँझचे तुकडे. आणि त्या सगळ्या काळ्या-पिवळ्या संसारात, सगळ्यांपेक्षा स्वच्छ, लहान बाळांच्या पावडरचा गुलाबी डबा.

"हा कुणासाठी?"

"ते होय? उन्हाळ्यात घामोळं येतं," हज्ज शिनावी पटकन म्हणाले. जरा जास्तच पटकन.

बाहेर समुद्रावरून गार वारा येत होता. हिवाळा अर्धाही सरला नव्हता.

४

बुसैनाबाई तडक बोटीवर परतल्या आणि भिंग घेऊन पंपापाशी गुडघ्यांवर बसल्या.

बुश पोलादाचा नव्हता. त्याचा रंग पंपाच्या रंगाशी असा मिळत होता की टॉर्च नसता तर दिसलाही नसता. ब्राँझच्या पंपात ब्राँझचाच बुश. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू शेजारी ठेवले की पुढे कधीतरी एक दुसऱ्याला खातो. ज्याला बोटीचं वाटोळं करायचंय तो इतक्या लांबचा विचार करत बसत नाही.

आणि बुशच का? तार लवकर बसते आणि जागाही कमी घेते. पण बोल्ट वरचेवर काढला-घातला तर कधीतरी तो वेटोळ्यालाही सोबत घेऊन बाहेर येतो. ज्या झाकणाला फारसा हात लागणार नाही त्याला तार पुरते. जे वारंवार उघडायचं, त्याला जाड भिंतीचा, ठोकून पक्का केलेला बुश हवा. म्हणजे ज्याने तो निवडला, त्याचा हे झाकण पुन्हा पुन्हा उघडायचा इरादा होता.

बाईंनी भिंग जवळ नेलं. बुश फिरू नये म्हणून त्याची कड पंचाने तीन जागी ठोकली होती, आणि तिन्ही जागा अचूक निवडल्या होत्या. पण त्या प्रत्येक घावाभोवती निसटलेल्या घावांचे ओरखडे होते. शेजारच्या दोन भोकांभोवती चकचकीत गोल वळ उमटले होते. तिथे कुणीतरी लोखंडी पट्टी आवळून बसवली होती आणि ड्रिल हलू नये म्हणून ते तिच्या भोकातून उतरवलं होतं. ज्याचा हात स्थिर असतो तो एवढा खटाटोप कशाला करेल?

डोकं उस्तादाचं होतं आणि हात म्हाताऱ्याचा.

राहिला गुलाबी डबा. पंपाची रबरी चाकं बराच काळ ठेवायची असली की जुने लोक त्यांना पावडर चोळतात, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. बाईंच्या स्वतःच्या नवऱ्याच्या गोदामातही असाच डबा असायचा आणि आल्यागेल्याला त्या बाळाचं कोडं पडायचं.

सगळं जुळलं. एरवी अशा वेळी बाईंना बरं वाटे. आज वाटलं नाही. उद्या कॉफीखान्यात एक तर फिक्रीचं नाव जाणार होतं किंवा या म्हाताऱ्याचं, आणि ओट्यावर जाऊन त्याच्याशी बोलल्याशिवाय ते नाव घेणं त्यांना जमेना.

ऊन अजून होतं. हज्ज शिनावी ओट्यावर तिथेच होते.

"चाकं कुठे ठेवलीत, हज्ज?"

म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले नाहीत की शपथ घेतली नाही. तो आत गेला आणि कापडाची पुरचुंडी घेऊन आला. आत पावडरने पांढरी झालेली नवीकोरी चाकं होती.

"विकायची नव्हती," तो म्हणाला. "जपून ठेवली होती. बोटीचीच आहेत."

"बोट भर समुद्रात बंद पडली असती तर?"

"इंजिन तापलं की वाजते ती धोक्याची घंटी दर वेळी आधी तपासत होतो, पोरी. मुखाबाहेर पडताच ती वाजायची, आणि अवद परत यायचा. शिव्या देत यायचा, पण यायचा. मग रात्री घोरायचा. ते भोक माझ्याच थरथरत्या हाताने बिघडलं. वाकडा बोल्ट आवळला. तसंच सोडवेना. आत माझा पोरगा असतो ना त्या बोटीवर."

"आणि फिक्री?"

म्हातारा पुरचुंडी पुन्हा बांधू लागला. फिक्रीचा विचार त्याने केलाच नव्हता, किंवा केला होता आणि झटकून टाकला होता. "त्याच्या बापाला मी काम शिकवलं," तो शेवटी म्हणाला. मग जरा वेळाने, "मला मरणाचं भय नाही. पण मी मेलो आणि दारावरून लोक नेहमीसारखे जात राहिले, कुणाला कळलंच नाही, असं होईल. ते भय वाटतं."

बुसैनाबाईंना त्याला सांगावंसं वाटलं की त्यांनाही रोज हेच वाटतं. पोर्ट सईदच्या तिसऱ्या मजल्यावर, दुधवाला फटफटीवरून खाली ओरडून जातो तेव्हा. आणि त्यांनी ते सांगितलं. मग दोघंही बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसली.

"उद्या नमाजानंतर मला तिथे बोलावं लागेल, हज्ज," उठताना त्या म्हणाल्या. "माझ्या आधी तुम्ही बोललात तर मला फार बरं वाटेल."

५

कॉफीखान्यात रईस लोक कोंडाळं करून बसले होते. फिक्री दाराजवळ उभा होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती आणि त्यानेही मागितली नव्हती. बाईंनी दोनदा दाराकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"सुरू करू," सगळ्यांत वयस्कर रईस म्हणाला. "अवद, तुझी तक्रार काय?"

अवद उठला आणि त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दारात काठी वाजली. हज्ज शिनावी शुक्रवारच्या पांढऱ्या झग्यात आले, मधल्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी पुरचुंडी सोडली. पावडरचा लोट उठला. जवळचा एक जण शिंकला.

"ही नस्माची चाकं," ते म्हणाले. "मी काढली. फिक्रीला यातलं काही माहीत नाही. मोडकी मी आत घातली, जुनी, माझ्या डब्यातली. तो बुशही माझाच. काय शिक्षा करायची ती मला करा."

अवद उभाच होता, तोंड अजून उघडं.

"का, बाबा?"

म्हाताऱ्याने एका चाकावरची पावडर बोटाने पुसली. "तू गेलास की घरात आवाज नसतो," एवढंच तो म्हणाला.

अवद खाली बसला आणि त्याने दोन्ही तळव्यांत चेहरा झाकला. एवढा आडदांड गडी, पण सगळ्यांसमोर रडला, आणि त्या बैठकीत त्याला कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी ओट्यावर बसलेलं होतं.

फिक्रीने स्वतःच एक खुर्ची ओढली आणि बसला. "हज्ज," तो म्हणाला, "निदान तार तरी वापरायची. माझ्या नावावर बुश खपवताय? लोक म्हणाले असते, फिक्री मागासला." पहिलं हसू हज्ज शिनावींना आलं, मग बाकीच्यांना. अवद उठून फिक्रीपाशी गेला आणि सगळ्या रईसांसमोर त्याने त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. माफीची रीत तीच होती. फिक्रीचं नाव मोकळं झालं.

नस्मा निघाली तेव्हा सकाळ होती. जाण्याआधी हज्ज शिनावी बुसैनाबाईंना सोबत घेऊन खाली इंजिनघरात उतरले. नवं चाक त्यांच्यासमोर फिक्रीने बसवलं. झाकण लावायची वेळ आली तसा म्हाताऱ्याने खिशातून लाल गोंदाची बाटली काढली. आट्यांना तो लावला की तापवल्याशिवाय बोल्ट सुटत नाही.

"सगळ्या बोल्टांना लावतो," ते अवदला म्हणाले. "माझ्याच्याने मग उघडायचं नाही. तू निर्धास्त जा."

अवदने बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि बूच लावून बुसैनाबाईंकडे दिली.

"गोंद नको. बुश बसवलाय तो वरचेवर उघडण्यासाठीच ना?" तो म्हणाला. "मग राहू द्या. परत आलो की हे झाकण उघडून चाक तपासावंच लागतं. फिक्रीला मी हात लावू देणार नाही. तुम्हीच उघडायचं. म्हणून तोवर टिकायचं, बाबा."

हज्ज शिनावींनी मान हलवली. बोल्ट त्यांनी स्वतः आवळले, दोन्ही हातांनी, एकेक करून. शेवटचा बुशातला. तो सरळ गेला.

बोट मुखाबाहेर गेली. घंटीचा आवाज आला नाही. कठड्याला धरून म्हातारा बराच वेळ कान देऊन उभा होता, आणि शेजारी बाई. पोर्ट सईदची बस केव्हाच सुटली होती.

"पोरी, चहा पिऊन जा," तो म्हणाला, आणि पाना झग्याला पुसून त्याने खिशात ठेवला.